मॉरिशसच्या वनांची अडीचशे वर्षे

मॉरिशसचे नाव निघाले की आपल्या मंडळींना दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, तेथे पाच-सहा पिढ्यांपासून नांदत असलेला मराठी समाज व त्याचा गणेशोत्सव. आणि दुसरी, पृथ्वीतलावरून कायमचा नाहीसा झालेला डोडो पक्षी. या दोहोंना जोडणारा एक तिसरा विषय आहे, आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो म्हणजे त्या बेटावरील वने. डोडो ज्या वनात राहत होता ते वन कोणी तोडले, का तोडले, जे उरले ते कसे उरले, आणि उरलेले राखण्यासाठी आज काय करावे लागते, याचा थोडक्यात मागोवा घ्यावा असा आमचा विचार आहे. वनरक्षणाचे कायदे, त्यांची उपेक्षा, त्यांचे पुनरुज्जीवन आणि त्यांची मर्यादा ही सारी प्रकरणे या एवढ्याशा बेटावर ज्या क्रमाने घडली, तसा क्रम मोठ्या देशात इतका स्पष्ट दिसत नाही.

प्रथम बेटाची कल्पना यावी म्हणून थोडे भूवर्णन. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे नऊशे किलोमीटरवर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ निम्मे. ज्वालामुखीतून ते वर आले त्यास सुमारे ऐंशी लाख वर्षे झाली. सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर उंच आहे. परंतु मध्यभागी पठार असल्यामुळे तेथे भरपूर पाऊस पडतो आणि पश्चिमेचा किनारा मात्र कोरडा राहतो. बेटावरील बहुतेक नद्यांचा उगम या पठारावर व त्याच्या कडांवर आहे. जमिनीपासून इतके दूर असल्याने वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी स्वतःहून तेथे पोहोचला नाही. उंदीर नव्हता, मांजर नव्हते, डुक्कर नव्हते, माकड नव्हते आणि माणूसही नव्हता. फळे खाणे, बी पसरवणे, पाला खाणे ही कामे तेथे पक्षी, वटवाघळे व प्रचंड आकाराची कासवे करीत असत. फुले येणाऱ्या देशी वनस्पतींच्या सुमारे ६९० जाती या बेटावर नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी अडीचशेहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत.

१५९८ मध्ये डच दर्यावर्दी येथे उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी बेटास दिले. त्या वेळी किनाऱ्यापासून शिखरापर्यंत जवळजवळ सारे बेट वनाने झाकलेले होते. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. त्यांना हवे होते ते मुख्यतः आबनुसाचे काळेभोर लाकूड. हा वृक्ष आपल्याकडील टेंभुर्णीच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या तेंदूच्याच कुळातला. १६३९ मध्ये त्यांनी जावा बेटावरून हरणे आणून सोडली आणि उसाची लागवडही त्याच वर्षीची. जहाजांबरोबर उंदीर आले, डुकरे व बकऱ्या आल्या, माकडे आली. डोडोचे शेवटचे विश्वसनीय दर्शन १६६२ चे मानले जाते. तो माणसाने खाऊन संपवला असे आपण लहानपणी वाचलेले असते. परंतु जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या त्या पक्ष्याच्या नाशात डुकरे, माकडे व उंदीर यांचा वाटा मोठा होता असे अभ्यासक मानतात. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी. माणूस बेट सोडून गेला तरी त्याने सोडलेले प्राणी व झाडे तेथेच राहतात. डच लोक १७१० मध्ये बेट सोडून निघून गेले. त्यांची हरणे, माकडे व उंदीर मात्र गेले नाहीत.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट ताब्यात घेतले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बूर्दोने याने पोर्ट लुई हे बंदर उभारले. जहाजबांधणी, इमारती, शेती आणि सरपण या चारी कामांसाठी वने पडू लागली. आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांकडून ही तोड होत असे. आणि जे गुलाम पळून जात, त्यांचा आसराही वनच होते. ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या व नैर्ऋत्येकडील ल मोर्न पर्वत हे अशा पळालेल्यांचे ठाव होते. ल मोर्नला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो या स्मृतीसाठी.

वनरक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा पुरुष १७६७ मध्ये येथे आला. त्याचे नाव पिएर प्वाव्र. धर्मप्रसारकांबरोबर चीनपर्यंत फिरून आलेला आणि समुद्रावरील चकमकीत उजवा हात गमावलेला हा विलक्षण गृहस्थ बेटाचा मुलकी प्रशासक म्हणून नेमला गेला. मसाल्याच्या पदार्थांवरील डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी जायफळ व लवंगेची रोपे त्याने १७७० मध्ये बेटावर आणवली आणि पाम्प्लमूस येथील आपल्या बागेत ती वाढवली. परंतु आम्हांस त्याची थोरवी वाटते ती १७६९ च्या नियमावलीमुळे. जमिनीची सनद मिळालेल्या प्रत्येकाने चौथा हिस्सा जमीन वनाखाली ठेवावी, विशेषतः डोंगरउतारावरील वन तोडू नये. उजाड झालेल्या जागी पुन्हा झाडे लावावीत. पाण्यापासून दोनशे यार्डांच्या आतील वन राखावे, असे तिचे स्वरूप होते. वन तुटले की पाऊस घटतो, ओढे आटतात व माती वाहून जाते, हा विचार त्यामागे होता. झाडे तोडल्याने पाऊस नेमका किती घटतो याविषयी पुढे वाद झाले. ओढे आणि माती यांविषयी मात्र प्वाव्रचा तर्क कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असाच होता.

या नियमावलीचा आपल्या भागाशीही संबंध पोहोचतो. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, वसाहतींतील वनरक्षणाची कल्पना युरोपात जन्मली नाही. ती मॉरिशस व सेंट हेलेनासारख्या लहान बेटांवर जन्मली आणि तेथून ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यांमार्फत हिंदुस्थानात आली. बेट लहान असल्यामुळे तोडीचा परिणाम एका पिढीतच डोळ्यांना दिसे, हे त्याचे कारण. अशा वैद्यांपैकी डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख होते आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातील वृक्षतोडीमुळे झरे आटत असल्याबद्दल त्यांनी सरकारचे लक्ष वेधले होते. तेव्हा सह्याद्रीतील राखीव वनांच्या इतिहासाचा एक धागा प्वाव्रच्या बेटाकडे जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न असा की इतकी सुजाण नियमावली १७६९ मध्ये झाली असता वन वाचले का? वाचले नाही. हे का झाले ते पाहण्यासारखे आहे.

१८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील आयात कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच करण्यात आला, आणि त्या एका निर्णयाने बेटाचे रूप पालटले. त्या सुमारास साखरेचे उत्पादन अकरा हजार टनांच्या घरात होते. तीसेक वर्षांत ते लाख टनांवर गेले. ऊस लावायचा म्हणजे वन काढायचे. आणि रस आटवायचा म्हणजे भट्टीत पुन्हा वनच घालायचे. १८६४ मध्ये आगगाडी सुरू झाली, तिलाही लाकूड लागले. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली होती. त्यांच्या जागी करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातील माणसे आणली गेली. कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुढील काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो व २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मुंबईहून गेलेल्यांत कोकण व देशावरील मराठी माणसे होती. इतर दोन बंदरांच्या मानाने त्यांची संख्या लहान; परंतु पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात व वाकवाच्या परिसरात त्यांची वस्ती टिकली. हेन्रिएटा या पठारावरील गावी १८९६ मध्ये पहिला गणेशोत्सव झाला असे तेथील मराठी समाज मानतो. जाखडीची गाणी त्यांनी जपली. आपल्या अभिमानाच्या या कथेला दुसरी एक बाजू आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उसासाठी जी वने उलथली गेली, त्यांवर पडलेल्या कोयत्यांत व कुऱ्हाडींत आपल्या माणसांचेही होते. निर्णय त्यांचा नव्हता, नफा त्यांचा नव्हता. ठराविक मजुरीवर, कराराच्या बेडीत ते राबत होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या भूमीचा इतिहास आपण आपला म्हणून सांगत असू, तर त्यातले हे पानही आपलेच आहे.

१८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली. एकट्या १८६७ मध्ये बेटावर चाळीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. तेव्हा बेटाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. वने तुटल्याने हवा बिघडली व म्हणून ताप आला, असे त्या वेळच्या अनेक डॉक्टरांचे मत झाले. ते मत चुकीचे होते. विशिष्ट जातीचा डास व तापाचा जंतू ही दोन्ही बाहेरून जहाजांवाटे आली होती, हे कळण्यास पुढे अनेक वर्षे लागली. डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस स्वतः १९०७-०८ मध्ये मॉरिशसला येऊन गेले. परंतु या चुकीच्या मताने एक चांगले काम झाले. भयभीत सरकारला वनांची आठवण झाली. हिंदुस्थानच्या वनखात्यातील आर. टॉम्पसन यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या १८८० च्या अहवालानुसार चांगल्या स्थितीतील वन बेटाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास उरले होते. ज्या बेटाचा विचार हिंदुस्थानात गेला, त्याच बेटाला शंभर वर्षांनी हिंदुस्थानातून माणूस बोलवावा लागला!

त्यानंतर पर्वतमाथ्यांवरील व नदीकाठच्या जमिनी राखीव ठरल्या, आणि पठारावरील कित्येक जमिनी सरकारने खासगी मालकांकडून परत विकत घेतल्या. याच काळात, १८८५ मध्ये, पठारावर मार ओ वाकवा हा मोठा जलाशय बांधला गेला. मॉरिशसमधील वनरक्षणाला टिकाऊ आधार मिळाला तो पाण्याच्या गरजेचा, असे आम्हांस वाटते. कागदावरील चौथा हिस्सा मळेवाल्यांनी पाळला नाही. पण जेथे शहराच्या नळाचा प्रश्न आला, तेथे राखीव रेषा टिकली.

परंतु राखीव रेषेच्या आत काय उभे होते? येथे कथेचा दुसरा भाग सुरू होतो, आणि सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यास तो अधिक विचार करावयास लावतो. सातबाऱ्यावर किंवा खसऱ्यावर ‘वन’ अशी नोंद आहे आणि प्रत्यक्ष जागेवर झाड नाही, असे प्रकार आम्ही नोकरीत पाहिले आहेत. मॉरिशसमध्ये याहून निराळा प्रकार घडला. तेथे नोंदही वनाची होती आणि झाडेही उभी होती. मात्र ती झाडे बेटाची नव्हती. वनखात्याने इमारती लाकडासाठी व धूप थांबवण्यासाठी बाहेरची झाडे लावली. पठारावर पाइन आले, निलगिरी आले, किनाऱ्यावर सुरूची बने उभी राहिली. सरकारी वन सुमारे बावीस हजार हेक्टर, पण त्याचा बराच मोठा भाग अशा लागवडीचा. इतके होऊनही १९७० च्या दशकात, जागतिक बँकेच्या पैशाने चाललेल्या योजनेत, ले मार या भागातील खुजी देशी झाडी साफ करून तेथे पाइन लावले गेले. हेतू वाईट नव्हता. देशाला लाकूड व रोजगार हवा होता. पण त्या झाडीत राहणाऱ्या पक्ष्यांचा आसरा त्यामुळे गेला.

लागवडीपेक्षाही मोठे संकट आपल्या पायांनी आले. दक्षिण अमेरिकेतून आणलेला, बेटावर ‘चिनी पेरू’ म्हणून ओळखला जाणारा लाल फळांचा लहान पेरू देशी वनात शिरला. पक्षी, डुकरे व माकडे त्याची फळे खात आणि बी पसरवत. प्रिव्हेट नावाचे दाट झुडूप त्याच्या जोडीला आले. आपल्याकडे घाणेरीने माळ व डोंगरउतार कसे व्यापले हे वाचकांनी पाहिले आहेच. तिकडे या दोघांनी तेच वनाच्या पोटात शिरून केले. आबनुसाखाली आबनुसाची रोपे उगवावीत तेथे पेरूचे गचपण माजले. वरून पाहता हिरवे वन दिसे. खाली पाहता पुढची पिढीच नसे. उंदरांवर उपाय म्हणून प्लेगच्या काळात, १९०० च्या सुमारास, हिंदुस्थानातून मुंगूस आणले गेले. उंदीर संपले नाहीत, आणि मुंगसांनी जमिनीलगतच्या पक्ष्यांवर ताव मारला.

वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॉन व व्हिये यांनी १९३७ मध्ये मॉरिशसच्या वनस्पतींविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही आधारभूत मानला जातो. वनाचे लहान तुकडे तणमुक्त करून पाहण्याचे प्रयोग पुढे माकाबे, ब्रीझ फेर आदी ठिकाणी झाले. कुंपण घालून हरणे व डुकरे बाहेर ठेवली, पेरू व प्रिव्हेट हातांनी उपटून काढले, की खालून देशी रोपे डोके वर काढू लागत. १९५१ मध्ये अनेक ठिकाणे निसर्गराखीव म्हणून घोषित झाली. १९७७ मध्ये माकाबे-बेल ओंब्र हे युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र झाले. पुढे १९९३ मध्ये वन्यजीव व राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि त्यानुसार १५ जून १९९४ रोजी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे बेटावरील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याचे क्षेत्र ६,५७४ हेक्टर, म्हणजे बेटाच्या साडेतीन टक्के. नंतर २००४ मध्ये काही लहान बेटांचे मिळून एक, आणि २०११ मध्ये ब्रा दो येथे एक, अशी आणखी राष्ट्रीय उद्याने झाली. चांगल्या स्थितीतील देशी वन मात्र साऱ्या बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. म्हणजे उद्यानाच्या हद्दीतही बरेचसे क्षेत्र पेरूच्या गचपणाखाली आहे. तणमुक्त व कुंपणबंद तुकडे हे त्यातील लहान लहान टापू.

या लहान टापूंचे मोल काय, ते पक्ष्यांच्या कथेवरून कळते. मॉरिशसचा केस्ट्रेल हा एक लहान ससाणा. १९७४ मध्ये साऱ्या जगात त्याचे अवघे चार पक्षी माहीत होते. वनाचा नाश, मुंगूस व माकडे, आणि हिवतापाविरुद्ध फवारलेले डीडीटी ही त्याची कारणे. १९७६ मध्ये इंग्रज प्राणिसंग्राहक व लेखक जेराल्ड डरेल बेटावर येऊन गेले. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा तरुण वेल्श शास्त्रज्ञ आला. तेथील काम गुंडाळून यावे अशा सूचनेवर तो आला होता. पण तो राहिला. घरट्यातील पहिली अंडी काढून घेतली म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी उबवायची, पिले वाढवायची, पुन्हा वनात सोडायची, त्यांना पेट्यांची घरटी द्यायची, वरून खाऊ पुरवायचा, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. १९८४ मध्ये मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि सरकारी खात्याबरोबर तिने हे काम वाढवले. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास वनात दहाच्या आसपास उरले होते. एको पोपटही १९८० च्या दशकात तितकेच. आज या दोन्ही जाती शेकडोंनी मोजाव्या लागतात, आणि आंतरराष्ट्रीय यादीत कबुतर २०१८ मध्ये व पोपट २०१९ मध्ये धोक्याच्या एका पायरीने खाली आला. कार्ल जोन्स यांना २०१६ मध्ये इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले.

परंतु केस्ट्रेलच्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९९४ पर्यंत त्यांची संख्या इतकी वाढली की धोक्याची पायरी उतरवण्यात आली व नवे पक्षी सोडणे थांबले. सर्वांना वाटले, काम झाले. पुढे पश्चिमेकडील दऱ्यांत त्यांची संख्या घसरली आणि २०१४ मध्ये या ससाण्यास पुन्हा ‘संकटग्रस्त’ ठरवावे लागले. राखणारा हात मागे घेतला की बेटावरील उरलेसुरले वन त्या पक्ष्यास आपोआप पोसू शकत नाही, हे त्यातून दिसले.

किनाऱ्यापासून जवळच असलेले ईल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचे चिमुकले बेट याचाच दुसरा दाखला. १९६५ पासून ते राखीव होते, तरी तेथे लाकूडतोड होऊन तण माजलेले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ते फाउंडेशनकडे आले. उंदीर काढले, तण उपटले, देशी झाडे लावली. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी अल्दाब्रा बेटावरील मोठी कासवे सोडली, आणि ती आबनुसाची फळे खाऊन बी पसरवू लागली. राऊंड आयलंडवरील बकऱ्या १९७९ पर्यंत व ससे १९८६ पर्यंत काढून टाकल्यावर तेथील ताडांची रोपे पुन्हा उगवू लागली. पण अशा कामालाही बाहेरचा धोका चुकत नाही. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. ईल ओ एग्रेतच्या अगदी जवळ ही घटना घडली. तेथील दुर्मिळ पाली-सरड्यांचे व पक्ष्यांचे काही नमुने आणि रोपवाटिकेतील हजारो रोपे घाईघाईने सुरक्षित स्थळी हलवावी लागली. सामान्य नागरिकांनी उसाच्या पाचटाचे व कापडाचे तरंगते बांध शिवून समुद्रात टाकले. ज्या उसाने वन गिळले, त्याचेच पाचट त्या दिवशी उपयोगी पडले.

आता एक कठीण प्रश्न उरतो. त्याचा सरळ निवाडा आम्हांस करता येत नाही. मॉरिशसचे मोठे फलाहारी वटवाघूळ हे देशी वनाचे बी पसरवणाऱ्यांपैकी उरलेले एक प्रमुख प्राणी. परंतु वन आकसल्यावर ते लिची व आंब्यावर उतरते. लिचीची झाडे बागाइतदारांकडे आहेत तशी सामान्य घरांच्या परसातही आहेत, आणि हंगामातील ते उत्पन्न अनेक कुटुंबांना मोलाचे असते. २०१५ व २०१६ मध्ये सरकारने हजारोंच्या संख्येने वटवाघळे मारविली. निसर्गसंस्थांनी विरोध केला; बागाइतदारांनी समर्थन केले. २०१८ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ ठरली. झाडांना जाळी घालणे हा उपाय आहे व त्यासाठी अनुदानही दिले गेले. पण उंच जुन्या झाडाला जाळी घालणे सोपे नाही. वटवाघूळ मारले तर उद्याचे वन कमी होते. न मारले तर आजचे फळ कमी होते. वनाचा लाभ साऱ्या देशाला, किंबहुना साऱ्या जगाला, आणि तोटा मात्र परसात एक झाड असलेल्या माणसाला, अशी ही वाटणी आहे. त्या तोट्याची भरपाई जेथे प्रामाणिकपणे होत नाही, तेथे कायदा लोकांच्या मनात रुजत नाही, एवढे मात्र आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

राष्ट्रीय उद्यानाच्या लगतच ग्रां बासँ हे ज्वालामुखीच्या मुखातील सरोवर आहे. तेथील हिंदू समाज त्यास गंगा तलाव म्हणतो. महाशिवरात्रीस लाखो भाविक पायी तेथे जातात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. काठाची झाडी व स्वच्छ पाणी हे त्या स्थानाच्या पावित्र्याचाच भाग आहेत, असा विचार तेथे जितका वाढेल तितके उद्यानाचे काम सोपे होईल. आपल्याकडील देवरायांनी हेच काम शतकानुशतके केले. तेथे राजपत्रातील अधिसूचना नव्हती, पण राखणारे गाव होते.

अडीचशे वर्षांच्या या वृत्तान्तातून आम्ही जे समजलो ते असे. प्वाव्रची नियमावली चांगली होती, टॉम्पसनचा अहवाल चांगला होता, १९९३ चा कायदा चांगला होता, आणि २०१५ मध्ये त्याच्या जागी आलेला नवा कायदाही विचारपूर्वक केलेला आहे. यांच्यावाचून काहीच वाचले नसते, हे खरे. परंतु लहान बेटावरील, सर्व बाजूंनी परक्या झाडांनी वेढलेले वन ‘हात लावू नका’ असे सांगून वाचत नाही. त्यास सतत हात लावावा लागतो. पेरू एकदा उपटला की भागत नाही. तो पुन्हा उगवतो, म्हणून पुन्हा उपटावा लागतो, आणि त्यासाठी दरवर्षी मजुरी, दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद आणि दरवर्षी माणसे लागतात. हे काम डोळ्यांत भरणारे नाही. त्याचे उद्घाटन होत नाही व त्याला समाप्तीचा समारंभही नसतो. म्हणूनच काटकसरीच्या वर्षी पहिली कात्री त्यालाच लागण्याची भीती असते.

मूळ प्रदेशापासून दूर रुजलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरात रोज बोलली न जाणारी भाषा मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, ‘मातृभाषा’ या रकान्यात, तेवढी उरते. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी ती जाखडीतून, गणेशोत्सवातून व शाळांतून राखली. त्यांच्याच जिल्ह्याच्या माथ्यावर, ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत, कोणीतरी गुडघ्यावर बसून आबनुसाच्या रोपाभोवतीचे पेरूचे कोंब उपटीत असते. पुढच्या पावसाळ्यानंतर ते पुन्हा यावे लागणार, हे त्यास ठाऊक असते. ते वन आज उभे आहे ते अशा माणसांमुळे.